वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरची बाग आणि तिथली फुलपाखरे

मृगाचा पाऊस जवळ आला की बागेविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बरीच पत्रे समुद्रकाठच्या आणि खाडीकाठच्या वाचकांची आहेत. फुलपाखरे, पक्षी आणि किनाऱ्यावरचे इतर जीव आपल्या अंगणाच्या आसपास टिकावेत म्हणून कोणती देशी झाडे लावावीत, असे बहुतेकांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतल्या सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या बाल्कनीत मोठ्या कुंडीत कढीपत्ता आहे. दर पावसाळ्यात त्यावर हिरव्या अळ्या येतात आणि आठवड्याभरात नुसत्या काड्या उरतात. औषध मारले की अळ्या मरतात, पण मग फोडणीत पाने टाकायचीही भीती वाटते. मला फुलपाखरांची आवड आहे, म्हणून शेजारी झेंडू आणि पेटुनिया लावली आहेत, तरी फुलपाखरे काही येत नाहीत. काय करावे? (एक वाचिका, दादर, मुंबई)

उत्तर : फुलपाखरे आपल्या बाल्कनीत दरवर्षी येत आहेत, कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या त्यांच्याच आहेत. मुंबईत कढीपत्त्यावर अंडी घालणारे फुलपाखरू बहुधा कॉमन मॉरमॉन असते. लिंबू, बेल, कढीपत्ता आणि रानातले माकडलिंबू ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत आणि या कुळाच्या पानांवरच या फुलपाखराची अळी वाढते. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते, त्यातला रस ओळखीचा लागला तरच पोट वाकवून कोवळ्या पानावर एकच पिवळसर, मोहरीहूनही लहान अंडे ठेवते आणि पुढच्या पानाकडे जाते. झेंडूवर एखादे फुलपाखरू मध प्यायला थांबेल, पण तेथे ते अंडी घालणार नाही, कारण झेंडूचे पान त्याच्या अळीच्या काहीच कामाचे नाही.

या वर्षी औषधाची बाटली बाजूला ठेवून एक महिना नुसते पाहावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. अंड्यातून निघालेली अळी तपकिरी, चकचकीत आणि मध्ये पांढरा पट्टा असलेली असते. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच कोणालाही वाटावे. चार वेळा कात टाकून झाली की ती हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लाल रंगाची, दोन टोकांची मऊ शिंगे क्षणभर बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना दूर ठेवण्याचा हा तिचा उपाय आहे. पुढे ती फांदीला रेशमाचा पट्टा बांधून, त्यात अंग टेकवून कोष करते. आजूबाजूला हिरवे असेल तर कोष हिरवा होतो आणि वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास पावसाळी हवेत साधारण महिन्याभराचा असतो.

फोडणीच्या पानांसाठी दुसरी कुंडी ठेवावी आणि तिच्यावर मच्छरदाणीचे कापड घालावे. पाने खाल्ली गेली तरी कढीपत्ता मरत नाही, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो. झाड लहान असेल तर त्यावर तीन-चार अळ्याच ठेवाव्यात आणि बाकीच्या पानासकट उचलून सोसायटीच्या आवारातल्या लिंबावर किंवा बेलावर सोडाव्यात. कडुनिंबाचे तेलही फवारू नये. ते वनस्पतिजन्य असले तरी अळीला मारतेच. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या रोपाला आधी औषध मारलेले असू शकते, म्हणून ते धुऊन, नवी पालवी येईपर्यंत वेगळे ठेवावे. आपल्या घराजवळ मोठी झाडे असतील तर कधीतरी ब्लू मॉरमॉनही येईल. हेच ते काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेले नीलवंत, ज्याला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळावर वाढते.

प्रश्न : गुहागर तालुक्यात पुळणीला लागून आमची जागा आहे. तेथे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. समोरच्या वाळूवर जांभळ्या फुलांची वेल आणि काटेरी गवत माजले आहे. माळी म्हणतो की ते काढून लॉन करू, कडेने सुरूची झाडे लावू आणि रात्रीसाठी दिवे बसवू. आम्हाला निसर्गाला धरून काही करायचे आहे. आपले मत काय? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण जे काढायचे ठरले आहे तीच आपल्या जागेतली सर्वांत मोलाची बाग आहे.

जांभळ्या फुलांची ती वेल म्हणजे मर्यादवेल. तिचे पान आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले असते. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून ती सुरू होते, म्हणून तिचे हे नाव. ती वाळूवरून सरपटत जाते आणि पेरापेराला मुळे सोडते, त्यामुळे वाऱ्याने उडणारी वाळू तिच्या जाळ्यात अडकते आणि हळूहळू उंचवटा तयार होतो. काटेरी गवत म्हणजे रावणाच्या मिशा. त्याची गोल, लांब काट्यांची फुलोऱ्याची चेंडूसारखी गोळी वाळल्यावर वाऱ्याबरोबर पुळणीवरून घरंगळत जाते आणि वाटेत बी टाकते. ही दोघे मिळून आपल्या घरासमोरची वाळू धरून ठेवतात. उधाणाची लाट आणि आपल्या खोल्या यांच्यामध्ये दुसरे काही नाही. ती उपटली तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाळू सरकू लागेल आणि मग दगडी बांध घालण्याची वेळ येईल. शिवाय वाळूचे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये सर्वांत संवेदनशील वर्गात येतात, तेव्हा तेथे काहीही करण्यापूर्वी रीतसर चौकशी करणे आवश्यकच आहे.

आता दिव्यांविषयी. रत्नागिरीच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले आणि पुढे ते किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत पोहोचले. गुहागरची पुळण तर विणीसाठी प्रसिद्धच आहे. अंडी साधारण दीड ते दोन महिन्यांनी फुटतात. वाळूतून बाहेर पडलेले पिल्लू समोर जिकडे जास्त उजेड दिसेल तिकडे धावते. काळोख्या किनाऱ्यावर हा उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. आपल्या लॉनवर दिवे लागले की ते पिल्लू समुद्राकडे पाठ फिरवून आपल्या व्हरांड्याकडे येईल आणि सकाळी कावळे किंवा कुत्रे त्याला उचलतील. म्हणून समुद्राच्या बाजूला एकही दिवा नसावा. जे दिवे लागतीलच ते गुडघ्याएवढ्या उंचीवर, वरून झाकलेले आणि तांबूस पिवळ्या उजेडाचे असावेत आणि विणीच्या दिवसांत रात्री नऊनंतर बंद व्हावेत. पर्यटकांना त्याचे कारण सांगितले तर ते स्वतःहून दिवे मालवतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

सुरूची झाडे नव्याने लावू नयेत. सुरूखाली त्याच्या सुयांचा जाड थर साचतो आणि त्याखाली मर्यादवेल किंवा गवत उगवत नाही, त्यामुळे वरून हिरवे दिसणारे हे बन खालून उघडेच राहते. मात्र आधीपासून उभे असलेले उंच सुरू सरसकट तोडू नयेत. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडासारखे पक्षी अशा उंच झाडांवर काटक्यांचे मोठे घरटे करतात आणि वर्षानुवर्षे तेच वापरतात. सावलीसाठी आणि वाऱ्यासाठी उंडी, भेंड आणि करंज लावावीत; त्यांच्याविषयी पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे. वेलीतून समुद्राकडे जाण्यासाठी एकच अरुंद, किंचित वळणाची पायवाट ठेवावी आणि बाकी सगळे आहे तसे राहू द्यावे. सकाळी लवकर त्या वेलीवर फुले उमलतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते, ती आपल्या पाहुण्यांना जरूर दाखवावी.

प्रश्न : आमचे घर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर आहे. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने घाणेरी भरपूर वाढली आहे आणि तिच्यावर सतत फुलपाखरे असतात. वन खात्याचे लोक ती काढायला सांगतात. फुलपाखरांना आवडते ती झाडी का काढायची? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : घाणेरीवर फुलपाखरे मध प्यायला येतात, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. मध हे त्यांचे खाणे असले तरी त्यांच्या पिढ्या पानांवर वाढतात आणि आपल्याकडच्या फुलपाखरांच्या अळ्यांना घाणेरीचे पान चालत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बागेतली शोभा म्हणून अमेरिका खंडातून आलेली ही झुडपे, बुलबुलांनी फळे खाऊन बी पसरवल्यामुळे, ज्या ज्या ठिकाणी माजतात त्या त्या ठिकाणी टाकळा, रुई, अनंतमूळ यांना जागा उरत नाही. म्हणजे खाणावळ उघडली आणि पाळणाघर बंद झाले, अशी गत होते.

तरीही सगळी घाणेरी एकदम उपटावी, असे मी सांगणार नाही. तिच्या दाटीत पक्ष्यांची घरटी असतात, सरडे असतात. पावसाच्या तोंडावर एक तृतीयांश भाग घ्यावा, आत घरटे नाही ना हे पाहावे, माती ओली झाली की मुळासकट काढावी आणि त्याच जागी लगेच देशी झुडपे लावावीत. जाळू नये. पुढचा भाग पुढच्या वर्षी. मधासाठी आपल्या सड्यावर सहज येणारी झुडपे म्हणजे दिंडा, पेंडगुळ, कोरांटी आणि शिर्वळ, ज्याला भूतकेसही म्हणतात. दिंड्याच्या बारीक, पांढरट फुलांवर पावसाळ्यात फुलपाखरे, भुंगे आणि गांधीलमाश्या एकाच वेळी दिसतात. तो उंच शोभिवंत नसला तरी एकटा दिंडा पाच विदेशी फुलझाडांच्या बरोबरीचे काम करतो. शिर्वळीच्या पानांवर कमांडर फुलपाखराची अळी वाढते आणि तिच्या केशरी फुलांभोवतीची पांढरी पाने दुरूनही उठून दिसतात.

अळ्यांसाठी तर आपल्याला फारसे लावावेच लागणार नाही. जे उगवते ते उपटायचे थांबवले तरी पुरे. रुईवर प्लेन टायगर अंडी घालते. घरांच्या दारात हळदीकुंकू म्हणून लाल-पिवळ्या फुलांचे विदेशी झुडूप लावतात, त्यावरही ते येते, पण रुई घरची असताना त्याची गरज नाही. टाकळ्यावर कॉमन ग्रास यलो आणि कॉमन इमिग्रंट ही पिवळी फुलपाखरे वाढतात. इमिग्रंटला बहावाही चालतो. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी खुडताना दोन-चार रोपे कडेला सोडून द्यावीत. घोळीवर डॅनेड एगफ्लाय येते. कोठे खुळखुळ्याचे रोप असेल तर ते वाळले तरी काढू नये. टायगर आणि क्रो या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या भागांतून एक कडू द्रव्य शोषून घेतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. एका वाळक्या फांदीवर पंधरा-वीस निळसर टायगर चिकटून बसलेली मी एकदा पाहिली, तेव्हा कितीतरी वेळ ती फुलेच आहेत असे वाटत राहिले होते.

ईश्वरीची वेल मिळाली तर गडग्यावर जरूर चढवावी. क्रिमसन रोझ, कॉमन रोझ आणि दक्षिणेचे मोठे सदर्न बर्डविंग, तिन्ही याच कुळातल्या वेलींवर अवलंबून आहेत. ही वेल विषारी आहे आणि मूत्रपिंडांना अपायकारक आहे, म्हणून कोणी औषधी सांगितली तरी पोटात घेऊ नये आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी लावावी.

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतले निम्मे माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी गेल्या. नवी लागवड झाली आहे, पण पूर्वीसारखी वई (झाडाझुडपांचे कुंपण) उरलेली नाही. वाऱ्यालाही अडवेल आणि पक्षी-फुलपाखरांनाही उपयोगी पडेल अशी वई कशी करावी? (एक वाचिका, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातली उन्मळलेल्या पोफळींची हकिगत वाचून फार वाईट वाटले. पंचवीस-तीस वर्षे जपलेली वाडी एका दुपारी आडवी झाल्याचे दुःख ज्यांनी ते भोगले त्यांनाच कळेल.

नवी वई एका रांगेची नसावी. समुद्राच्या बाजूने पहिली रांग केवड्याची आणि वनजाईची करावी. खारे वारे अंगावर घेऊन ही दोन्ही हिरवी राहतात. वनजाई कापून हवी तशी राखता येते आणि तिच्या लांब नळीच्या पांढऱ्या फुलांवर संध्याकाळी मोठे पतंग येतात. केवड्याच्या काटेरी पानांत मुंगूस आणि लहान पक्षी आसरा घेतात. त्यामागे निर्गुडी, आणि तिच्यामागे उंडी, भेंड आणि करंज अशी झाडे विरळ लावावीत. भिंतीसारखी वई वाऱ्याला अडवताना स्वतःही कोसळते आणि पलीकडे वाऱ्याचे भोवरे तयार करते. थोडा वारा आतून जाऊ देणारी, चढत्या उंचीची वई त्याचा जोर मोडते.

उंडी सावकाश वाढते, पण एकदा मूळ धरले की पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यांना आणि होड्यांना वापरत. पांढऱ्या, सुगंधी फुलांवर मधमाश्या येतात आणि फळे वटवाघळे नेतात, ज्यामुळे तिची रोपे आपोआप दूरवर पोहोचतात. भेंडाचे फूल सकाळी पिवळे असते आणि संध्याकाळपर्यंत जांभळट लाल होऊन गळते. करंजाच्या कोवळ्या, तांबूस पालवीवर कॉमन बॅन्डेड ऑल आणि कॉमन सेरुलियन या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पालवी खाल्लेली दिसली तर काळजी करू नये, दुसरी पालवी येतेच.

आपली जुनी झाडेही यात सामील आहेत. माडाच्या झावळीवर कॉमन पामफ्लायची अळी असते. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर अंग ताणून बसलेली कॉमन बॅरनची अळी तर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही: पाठीवरची फिकट रेघ शिरेशी जुळते आणि दोन्ही बाजूंचे पिसांसारखे हिरवे काटे पानावर पसरून तिची सावलीसुद्धा झाकतात. आंब्यावरचे बांडगूळ काढणे धरत्या कलमांसाठी योग्यच आहे. पण कुंपणाकडेच्या एखाद्या जुन्या, न धरणाऱ्या रायवळावर थोडे राहू द्यावे. कॉमन जेझेबेल हे पिवळ्या-लाल ठिपक्यांचे देखणे फुलपाखरू त्याच्याच पानांवर अंडी घालते आणि फुलटोचे हे छोटे पक्षी बांडगुळाच्या फळांवर जगतात.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या खाडीतली तिवरे पावसाळा संपता संपता अचानक उघडी पडली, पानांची नुसती जाळी उरली. सोसायटीने फवारणी करावी का? आणि मोकळ्या जागेत आम्ही आणखी तिवरे लावू शकतो का? (एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : फवारणी मुळीच करू नये. सागाची पाने खाणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या तिवरावरही येतात आणि अशा लाटेत काही दिवसांत झाडे ओकीबोकी करून टाकतात. निरोगी तिवरांना पुढे पुन्हा पाने फुटतात. त्या अळ्यांवर पक्षी अक्षरशः तुटून पडतात. औषध मारले तर ते त्यांच्या पोटात आणि भरतीच्या पाण्याबरोबर मासे-खेकड्यांच्या पोटात जाईल. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, हेही लक्षात घ्यावे.

लागवडीविषयी : तिवरे ही कांदळवनातली झाडे आहेत आणि कांदळवनाला भरती-ओहोटीचे पाणी लागते, म्हणून सोसायटीच्या बागेत तिवर लावून उपयोग नाही. खाडीच्या चिखलात परवानगीशिवाय कोणी काही करू नये. कांदळवनांभोवतीची ५० मीटरची पट्टीही न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित आहे. आपल्या बाजूने भराव, राडारोडा आणि कचरा जाऊ दिला नाही तर तिवरांचे बी भरतीबरोबर येऊन आपोआप रुजते. कुंपणाच्या आतल्या बाजूला पीलू, करंज आणि भेंड लावावीत. पीलू खारट जमिनीत तग धरतो आणि स्मॉल सामन अरब हे छोटे, तांबूस गुलाबी फुलपाखरू त्याच्याच पानांवर वाढते. आणि आपल्या खाडीत पांढरी चिपी असेल तर एकदा रात्री काठावर उभे राहून तिची फुले पाहावीत. २०२० मध्ये राज्याने तिला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. पांढऱ्या केसरांचे तिचे फूल संध्याकाळनंतर उमलते, वटवाघळे आणि पतंग त्यावर येतात आणि सकाळी केसर पाण्यावर तरंगताना दिसतात.

प्रश्न : फुलपाखरांसाठी बशीत साखरपाणी ठेवावे का? माझी सात वर्षांची नात रोज ठेवते. (एक आजोबा, मालवण)

उत्तर : साखरपाण्यावर मुंग्या येतात, ते लवकर आंबते आणि फुलपाखरांना त्याची गरज नसते. नातीला त्याऐवजी एक वेगळे काम द्यावे. परसातल्या उन्हाच्या जागी पसरट मातीचे भांडे जमिनीत पुरून त्यात वाळू आणि थोडी शेणमिश्रित माती भरावी आणि ती रोज सकाळी ओली करावी, पाणी वर साचू देऊ नये. फुलपाखरांचे नर ओल्या मातीतले क्षार शोषण्यासाठी अशा जागी उतरतात आणि आपल्याकडे पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, ती सर्वाधिक दिसतात. जवळ एखादे जास्त पिकलेले केळे ठेवले तर आंब्यावरचे कॉमन बॅरनही येईल. भांडे ओंबील मुंग्यांच्या वाटेपासून दूर असावे. तिने वहीत तारीख, वेळ आणि आलेल्या फुलपाखराचा रंग लिहून ठेवला तर दिवाळीनंतर ती वही आम्हाला अवश्य पाठवावी.